आधी होमवर्क लिहा, मग तास आखा: गणित आणि विज्ञानाच्या रोजच्या तयारीबद्दल

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. माध्यमिकच्या वर्गांना गणित आणि विज्ञान दोन्ही विषय आहेत, रोज रात्री उशिरापर्यंत दुसऱ्या दिवसाची तयारी चालते, तरी ठरवलेलं अर्धंच शिकवून होतं, होमवर्क निम्मी मुलं करत नाहीत आणि बाकीची एकमेकांचं बघून उतरवतात. मग टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, कसं काढावं आणि होमवर्क किती आणि कसलं द्यावं?

मी हे दोन्ही विषय बरीच वर्षं शिकवतेय आणि माझं उत्तर एका ओळीचं आहे, बाकी सगळा त्याचाच खुलासा. उद्याचा तास आखताना आधी उद्याचं होमवर्क लिहा, आणि मग त्या होमवर्कपर्यंत मुलांना नेणारा तास तयार करा. बहुतेक जण उलटं करतात, म्हणजे पुस्तक उघडतात, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत जायचं ते ठरवतात, आणि बेल वाजताना जे उरलं असेल ते "घरी करून आणा" म्हणून देऊन टाकतात. आता उरलेलं म्हणजे नेमकं काय असतं, तर सरावसंचातली शेवटची, सगळ्यात अवघड गणितं, जी वर्गात कुणी हातसुद्धा लावलेली नसतात. ती मुलं घरी एकट्याने कशी करणार? उतरवण्याशिवाय त्यांच्याकडे दुसरा रस्ताच नसतो, त्यात आळसाचा भाग फार थोडा असतो.

म्हणून टाचणाच्या पहिल्या ओळीत "एकचल समीकरणे, पान अमुक" असं लिहू नका. एक गणित लिहा, जे आजच्या तासानंतर वर्गातल्या मधल्या मुलाला घरी, कुणाच्या मदतीशिवाय सुटायला हवं. आणि ते स्वतः कागदावर पायरी न गाळता सोडवा. मनातल्या मनात सोडवलं तर चालणार नाही, कारण आपण ज्या पायऱ्या गाळतो तिथेच मुलं अडकतात.

एक गणित जरा जवळून बघू. समजा आज कंसाबाहेर वजा चिन्ह असलेली समीकरणं आहेत आणि मी हे लिहिलं: ५ − २(क्ष − ३) = १. बरोबर उत्तर क्ष = ५. आता मुलं काय काय करतील ते बघा. एक गट कंस सोडवताना वजा दोन गुणिले वजा तीन हे वजा सहा लिहील, त्यांचं उत्तर येईल −१. दुसरा गट आधी ५ मधून २ वजा करून टाकेल, मग ३(क्ष − ३) = १, उत्तर १०/३. तिसरा गट २ ने फक्त क्ष ला गुणेल आणि ३ तसाच ठेवेल, त्यांचं एकतर १/२ येईल नाहीतर ७/२, चिन्ह बदललं की नाही त्यावर. म्हणजे प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं आहे, आणि नुसतं उत्तर ऐकून मला कळतं की या मुलाचं घोडं कुठे अडलंय, वही बघायचीसुद्धा गरज नाही. हे आपोआप होत नाही, आकडे निवडताना बघावं लागतं. काही आकड्यांना चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर येतं, तसं गणित निदानासाठी निरुपयोगी, ते सरळ बदलून टाकायचं.

या एका गणिताने तासही ठरून गेला. वर्गात तीन गोष्टी यायलाच हव्यात: ऋण गुणिले ऋण, गुणाकार आधी की वजाबाकी आधी, आणि कंसातल्या दोन्ही पदांना गुणणं. यातलं पहिलं मागच्या इयत्तेतलं आहे, तर तासाच्या सुरुवातीला त्याची आठवण करून द्यायची. दुसऱ्या-तिसऱ्यावर उदाहरणं घ्यायची. बाकी जे पुस्तकात त्या पानावर आहे, वयाची शाब्दिक गणितं वगैरे, ते आज नाही. टाचणात काय नाही घ्यायचं हेसुद्धा लिहून ठेवा, कारण तास अर्ध्यावर संपतो तो बहुतेक वेळा आपण एकाच तासात दोन तासांचं कोंबलेलं असतं म्हणून.

आता तासाची रचना. चाळीस मिनिटांचा तास धरला तर वर्ग स्थिर होणं, हजेरी, वह्या काढणं यात पाच मिनिटं जातातच, ती आधीच वजा धरा. मी वर्गात शिरल्याबरोबर फळ्यावर चार छोटे प्रश्न लिहिते आणि हजेरी होईपर्यंत मुलं ते सोडवतात, वही-पुस्तक बंद ठेवून. एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीच्या धड्यातला आणि एक आज लागणाऱ्या जुन्या गोष्टीचा. वरच्या तासासाठी तो चौथा प्रश्न असेल (−२) × (−३). सहा-सात मिनिटांत उत्तरांसकट संपलं पाहिजे, ते लांबू देऊ नका. या चार प्रश्नांवर माझा फार जीव आहे. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, आणि रोडिगर व कारपिके यांच्या २००६ च्या प्रयोगात, ज्यांनी उतारा पुन्हा वाचला त्यांच्यापेक्षा ज्यांनी न बघता आठवून लिहिला त्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. म्हणून "काल तर सगळ्यांना आलं होतं, आज काय झालं" असं आपल्याला वाटतं ना, त्यात मुलांचा दोष नसतो, त्यांना मध्ये कुणी आठवायला लावलेलंच नसतं.

मग नवीन भाग. इथे एक सवय लावून घ्या, एक उदाहरण मी पूर्ण सोडवणार आणि लगेच तसंच दुसरं मुलं सोडवणार, मग पुन्हा माझं एक, त्यांचं एक. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच हे तपासलं होतं, नवशिक्यांना नुसती गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेलं उदाहरण आणि त्याच्या जोडीचं गणित असं दिल्यावर कमी वेळात चांगलं जमतं. सलग पाच उदाहरणं आपण फळ्यावर सोडवली की मुलं माना डोलावतात, आपल्यालाही वाटतं समजलं, आणि घरी गेल्यावर कोरी पाटी. दोन सोडवलेली उदाहरणं एकमेकांशेजारी फळ्यावर राहू द्या, पहिलं पुसू नका, मुलं पायऱ्या जुळवून बघतात ते त्यावरूनच.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत होते, आणि ते तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं मोठी झाली, जास्त मुलं बोलायला लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, तरी थांबा. टाचणात मी त्या प्रश्नापुढे एक छोटा गोल काढून ठेवते, त्याचा अर्थ इथे गप्प राहायचं.

शेवटची सात-आठ मिनिटं होमवर्कची, आणि ही कुठल्याही परिस्थितीत कापायची नाहीत. होमवर्कमधलं पहिलं गणित मुलं वर्गातच, एकट्याने, न बोलता सुरू करतात आणि मी फिरते. ज्याचं −१ आलंय त्याच्या वहीवर फक्त चिन्हाखाली एक रेघ मारते आणि पुढे जाते. या सात मिनिटांत मला कळतं की आजचं होमवर्क द्यायच्या लायकीचं आहे की नाही. अर्ध्याहून जास्त मुलं अडकली असतील तर ते होमवर्क रद्द, त्याऐवजी मागच्या धड्यातलं काहीतरी सोपं द्यायचं आणि हा भाग उद्या पुन्हा. न आलेल्या गोष्टीचा घरी सराव केला की चूकच पक्की होते, आणि ती नंतर काढायला दुप्पट वेळ लागतो.

आता होमवर्कमध्ये काय असावं. माझं प्रमाण साधारण असं, सहा प्रश्न असतील तर दोन-तीन आजचे आणि बाकीचे जुने, मिसळलेले. आजच्याच प्रकारची दहा गणितं देण्यात एक मोठा तोटा आहे, मुलाला कुठली रीत वापरायची ते ओळखावंच लागत नाही, पहिलं जसं केलं तशीच बाकीची नऊ. परीक्षेत मात्र सगळं मिसळून येतं. रोहरर आणि टेलर यांचा २००७ चा प्रयोग मी सहकाऱ्यांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग केली आणि दुसऱ्याने मिसळून. सराव करताना सलगवाले ८९ टक्के बरोबर होते आणि मिसळवाले ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर. ते विद्यार्थी कॉलेजचे होते, पण शाळेतही मला हाच अनुभव येतो. मिसळलेल्या होमवर्कवर सुरुवातीला मुलं आणि पालक दोघंही कुरकुर करतात, चुका जास्त होतात म्हणून, तर त्यांना हे आकडे सरळ दाखवा, मोठी मुलं असतील तर त्यांना पटतं.

किती वेळाचं द्यायचं? हॅरिस कूपर हे होमवर्कवर बरंच संशोधन केलेले, त्यांच्या नावाने जोडला जाणारा ढोबळ नियम म्हणजे इयत्ता गुणिले दहा मिनिटं, म्हणजे आठवीला रोज ऐंशी मिनिटं. पण हे सगळ्या विषयांचं मिळून आहे, हे सोयीस्कररीत्या विसरलं जातं. गणिताच्या वाट्याला त्यातली वीस-पंचवीस मिनिटं आली तरी पुष्कळ, आणि विज्ञानाच्या वाट्याला त्याहून कमी. आपल्याला सगळं सोडवायला जेवढा वेळ लागतो त्याला चाराने गुणा, साधारण मधल्या मुलाचा वेळ येतो. म्हणजे तुम्हाला सहा मिनिटं लागली तर होमवर्क पुरेसं झालं, आणखी घालू नका.

उतरवण्याबद्दल. आजकाल तर मित्राची वहीसुद्धा लागत नाही, मोबाईलने फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. त्यामुळे होमवर्कला मार्क देणं मी पूर्ण बंद केलंय आणि तुम्हीही करा असं कळकळीने सांगेन. होमवर्कसोबतच अंतिम उत्तरं देऊन टाका, मुलाला घरीच कळू दे की आपलं चुकलंय, मग तो कुठे चुकलं ते शोधेल. आणि दुसऱ्या दिवशीच्या त्या चार प्रश्नांमधला "कालचा" प्रश्न होमवर्कमधलाच, फक्त आकडे बदलून. आठवड्यातून एकदा त्या चार प्रश्नांचा कागद गोळा करा आणि काय मोजायचं ते त्यावर मोजा. ज्याने मनापासून होमवर्क केलं त्याला तो प्रश्न सुटतो, ज्याने उतरवलं त्याला सुटत नाही, आणि हे त्याला स्वतःलाच दिसतं, आपल्याला ओरडावं लागत नाही. पंधरवड्यात फरक पडतो. मधूनमधून उतरवताच येणार नाही असा प्रश्नही द्या, चुकीचं सोडवलेलं गणित द्यायचं आणि विचारायचं, चूक कुठल्या ओळीत आहे आणि असं करणाऱ्याने काय विचार केला असेल ते दोन वाक्यांत लिही. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, ही चूक अशी एकदा स्वतः पकडली की कमी होते, मी दहा वेळा सूत्र म्हणवून घेतल्याने होत नाही.

वह्या तपासणं. सगळ्या वह्या रोज तपासायचा अट्टहास सोडा, त्यातच तुमची रात्र जातेय. रोज आठ-दहा वह्या, कुणाच्या ते मुलांना आधी माहीत नसावं, आणि त्यातही एकच गणित नीट बघायचं. बरोबर-चूकच्या खुणा आणि "छान" लिहिण्यापेक्षा एक ओळ अशी लिहा की मुलाला काहीतरी करावं लागेल, उदाहरणार्थ "तिसरी ओळ पुन्हा कर, कंसातल्या दुसऱ्या पदाचं काय झालं?" रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसती टिप्पणी मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, आणि टिप्पणीबरोबर मार्कही मिळालेली सुधारली नाहीत. आपणही बघतोच की, पेपर हातात आला की मुलं आधी मार्क बघतात, मग शेजाऱ्याचे मार्क बघतात, आणि लाल शाईत लिहिलेलं तसंच राहतं.

विज्ञानाचा तास थोडा वेगळा आखावा लागतो. तिथे मुलं कोऱ्या मनाने येत नाहीत, प्रत्येकाच्या डोक्यात आधीच एक समजूत असते आणि ती पक्की असते. वीज बल्बमध्ये "खर्च" होते, जड वस्तू लवकर पडते, पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा. टाचणात शिकवायच्या मुद्द्याआधी ही समजूत लिहा. मग प्रयोग दाखवायच्या आधी अंदाज विचारा. एकसर जोडणीत बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन अमीटर लावायचे, स्विच दाबायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, दुसऱ्या अमीटरवर जास्त, कमी की तेवढंच? हात वर करायला लावा, आकडे फळ्यावर लिहा, आणि मगच स्विच. "कमी" लिहिणारी मुलं काटे बघायला बाकावरून अक्षरशः उठून पुढे येतात. अंदाज न विचारता तोच प्रयोग दाखवला तर तीच मुलं रीडिंग उतरवून घेतात आणि समजूत जागच्या जागी राहते.

प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघणं हा तयारीचाच भाग आहे, त्याला पर्याय नाही. सेल उतरलेले असतात, अमीटरचा काटा शून्यावर नसतो, दोन अमीटर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वरच्या प्रयोगात तर न जुळणारे अमीटर म्हणजे सगळंच मुसळ केरात. दोन्ही आधी एकाच सर्किटमध्ये लागोपाठ लावून जुळवून ठेवा. ओहमचा नियम दाखवताना बल्ब वापरू नका, फिलामेंट तापली की तिचा रोध वाढतो आणि आलेख सरळ रेषेऐवजी वाकतो, मुलांनी बरोबर रीडिंग घेऊनही आलेख "चुकतो". नायक्रोमची तार घ्या आणि रीडिंग घेण्यापुरताच स्विच दाबायला सांगा, नाहीतर तीही तापते. हां, बल्बचा तो वाकडा आलेख पुढच्या तासाला मुद्दाम काढून घ्यायला फार सुंदर आहे, पण आधी सरळ रेषा बघितलेली असली पाहिजे.

विज्ञानाचं होमवर्क म्हणून स्वाध्यायातल्या प्रश्नांची उत्तरं गाईडमधून उतरवून आणणं, हे पोरांचा आणि आपला दोघांचा वेळ घालवणं आहे. त्याऐवजी एक आकृती पुस्तक बंद करून आठवून काढायची आणि मग दुसऱ्या रंगाने दुरुस्त करायची. किंवा बर्फ वितळवून पाणी तापवतानाचा वेळ-तापमानाचा तक्ता द्यायचा, आलेख काढायचा आणि लिहायचं की उष्णता देणं चालू असताना तापमान इथे का थांबलंय. किंवा उद्याच्या धड्याची तयारी करणारा एकच प्रश्न. प्रकाशसंश्लेषणाच्या आदल्या दिवशी मी हे देते: सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँटने वाळवलेल्या, वजन केलेल्या मातीत विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं, रोप सव्वादोन किलोच्या आसपास होतं ते शहात्तर किलोच्या पुढे गेलं आणि माती जेमतेम साठेक ग्रॅम कमी झाली, तर हे वजन आलं कुठून, चार ओळीत लिही. बरीच मुलं "पाण्यातून" लिहितात, व्हॅन हेल्माँटलाही तेच वाटलं होतं. हवेतून असं लिहिणारा एखादाच असतो आणि त्याचाही स्वतःवर विश्वास बसलेला नसतो. दुसऱ्या दिवशी तास त्या उत्तरांपासूनच सुरू होतो, मला प्रस्तावना करावीच लागत नाही.

दोन्ही विषय तुमच्याकडेच आहेत हा तर मोठाच फायदा आहे. मुलं गणिताच्या तासाला रेषेचा चढ काढतात आणि विज्ञानाच्या तासाला वेग-काळ आलेखावरून त्वरण विचारलं की गप्प बसतात, त्यांच्या लेखी ते गणित आणि हे विज्ञान. तर आलेखांच्या आठवड्यात गणिताच्या होमवर्कमधला एक प्रश्न वेग-काळ आलेखाचा ठेवा, सूत्रात कर्ता बदलणं, म्हणजे हवं ते पद एकटं एका बाजूला आणणं, शिकवताना अ, ब, क ऐवजी घनता आणि वस्तुमान घ्या. वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून बघा, विज्ञानाला दहाचे घातांक जून-जुलैतच लागत असतील आणि गणितात ते दिवाळीनंतर येत असतील तर एक तास उसना घेऊन आधीच शिकवून टाका.

पुढे गेलेल्या आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी तीन-तीन वर्कशीट बनवत बसू नका, ते दोन आठवडे टिकतं. एकच होमवर्क, त्यात तिसऱ्या प्रश्नाखाली रेघ, इथपर्यंत सगळ्यांनी करायचंच. ज्याचं पटकन होतं त्याला आणखी चार गणितं देणं म्हणजे लवकर केल्याची शिक्षाच. त्याला सांगा, ज्याचं उत्तर ५ येतं आणि ज्यात कंसाबाहेर वजा आहे असं समीकरण तू बनव, आणि त्यात मुलं कुठे चुकतील तेही लिही. त्यातली चांगली गणितं मी नाव घालून पुढच्या होमवर्कमध्ये वापरते.

राहिलं रात्रीच्या जागरणाचं. रोज रात्री उद्याचं टाचण काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बसून पूर्ण आठवड्याच्या होमवर्कची गणितं ठरवा, मग रोजची तयारी वीस मिनिटांवर येते कारण तासाने कुठे पोचायचंय ते ठरलेलं असतं. सहा तास असतील तर पाचच भरा, सहावा मोकळा, तो कशाने तरी भरतोच, कार्यक्रम, सुट्टी, नाहीतर न समजलेला भाग. टाचण अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका: होमवर्कचं गणित, चार सुरुवातीचे प्रश्न, दोन उदाहरणं, अपेक्षित चुका. शाळेला जो छापील नमुना भरून हवा असतो तो वेगळा भरा, त्यात फार जीव ओतू नका. आणि तास संपला की स्टाफरूममध्ये पोचायच्या आत समासात दोन ओळी, काय राहिलं, कुणाचं काय चुकलं, कुठला आकडा बदलायला हवा.

हे सगळं सगळ्या वर्गांना एकदम लावायला जाऊ नका. एक वर्ग, एक विषय निवडा, एक महिना नुसते ते चार प्रश्न आणि मिसळलेलं होमवर्क एवढंच चालवून बघा. अडलात तर मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरं समोर ठेवून विचारा, नेमकं काय बदलायचं ते त्यावरूनच सांगता येतं.